जिवंत औषधाची परीक्षा : प्लेगच्या लसीपासून मूळपेशींपर्यंत



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, ते उत्तरापेक्षा प्रश्नाला अधिक गुण देत असत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. म्हणून आजचा विषय मी एका प्रश्नातूनच घेतला आहे. प्रश्न माझा नाही. काही वर्षांपूर्वी उधना भागात राहणारे, मूळचे धुळे जिल्ह्यातील आणि सारे आयुष्य यंत्रमागावर घालविलेले एक पालक माझ्याकडे आले. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला काळी पडत चाललेली जखम होती. बिडीमुळे रक्तवाहिन्या बंद होत जाण्याचा तो रोग आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्यांच्या हातात कोणीतरी दिलेले एक छापील पत्रक होते. मूळपेशींची सुई घेतल्यास पाय वाचेल, असे त्यात म्हटले होते. त्यांनी मला विचारले, "गुरुजी, ही सुई सगळीकडे एकच असते का? इथली आणि मुंबईची, दोन्ही सारखीच ना?"

मला उत्तर देता आले नाही. पुढे ते गावी गेले आणि प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

उत्तर शोधताना माझ्या ध्यानात आले की हा प्रश्न मूळपेशींबरोबर जन्मलेला नाही. रसायनशाळेत बनलेली गोळी एकसारखी ठेवता येते. पण जे औषध सजीवापासून काढले जाते, ते प्रत्येक खेपेला तेच आहे हे कसे ओळखावयाचे, हा प्रश्न आपल्या प्रांतात शंभरांहून अधिक वर्षे जुना आहे. म्हणून आरंभ तेथूनच करू.

१. त्रेपन्न क्रमांकाची बाटली

सप्टेंबर १९९४ मधील प्लेगच्या भीतीने सुरत सोडून गेलेल्या गाड्यांची गर्दी येथील अनेकांना आठवत असेल. त्याच्या ९८ वर्षे आधी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी त्या शहरातील प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ओडेसा येथे जन्मलेल्या आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस तयार करण्यास प्रारंभ केला. मांसाच्या सारात तुपाचे थेंब सोडावयाचे, त्या थेंबांना लोंबकळत प्लेगचे जंतू वाढू द्यावयाचे आणि नंतर उष्णतेने ते मारावयाचे, अशी ती रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली.

त्यानंतर आपल्या दोन्ही बाजूंना या लसीची परीक्षा झाली. दक्षिणेस दमण येथे १८९७ मध्ये ती देण्यात आली. उत्तरेस बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी १८९८ च्या फेब्रुवारीत अधिक काटेकोर प्रयोग झाला. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस द्यावयाची व निम्म्यांना द्यावयाची नाही, अशी योजना होती. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. एकाच घरातील, एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांची ही तुलना होती. औषधाचा गुण मोजावा कसा, याचा तो एक सुंदर धडा होता.

परंतु एका खेपेचा गुण कळला म्हणून दुसऱ्या खेपेचा कळत नाही, हा दुसरा धडा फार महाग पडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. सर्वांची लस एकाच बाटलीतील होती आणि तिचा क्रमांक ५३-एन होता. त्या दिवशीच्या इतर बाटल्यांनी कोणाचे काही बिघडले नाही. ठपका हाफकिन यांच्यावर आला, कारण लस अधिक वेगाने तयार व्हावी म्हणून रीतीत बदल करून कार्बोलिक आम्ल वगळण्यात आले होते. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही गोष्ट पुढे आली, तरी तिला वजन मिळण्यास वर्षे लागली. १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. परळच्या ज्या प्रयोगशाळेतून त्यांना जावे लागले, तिलाच १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

याच हाफकिन संस्थेत १९३२ पासून संचालक असलेल्या साहिबसिंग सोखी यांच्या काळात पुढचे पाऊल पडले. लस पांढऱ्या उंदरांना द्यावयाची, नंतर त्यांना प्लेगचे जंतू टोचावयाचे आणि किती उंदीर जगतात यावरून लसीची ताकद मोजावयाची, अशी पद्धत बसविण्यात आली. बाटलीत काय आहे एवढेच विचारून भागत नाही. बाटलीतील वस्तू काम करते काय, हे विचारले पाहिजे. या दुसऱ्या परीक्षेला आपण येथे 'गुणपरीक्षा' म्हणू. पुढील सारा इतिहास या एका शब्दाभोवती फिरतो.

२. मॉस्कोतील वसाहती

आता मूळपेशींकडे वळू. योगायोग असा की हा धागाही ओडेसाशी जोडलेला आहे. हाफकिन यांचे गुरू मेचनिकॉव्ह यांच्यासह निकोलाय गमालेया यांनी १८८६ मध्ये ओडेसा येथे जंतुशास्त्राचे केंद्र उभारले. त्याच गमालेयांच्या नावाच्या मॉस्कोतील संस्थेत अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन १९६० नंतरच्या दशकात अस्थिमज्जेचा अभ्यास करीत होते. अस्थिमज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतील मऊ भाग. रक्त तेथे तयार होते. फ्रीडेनस्टाइन यांनी मज्जेतील पेशी काचेच्या बशीत ठेवल्या. रक्ताच्या पेशी तरंगत राहिल्या आणि धुतल्या गेल्या. थोड्या पेशी मात्र काचेला चिकटून राहिल्या व त्यांच्या वसाहती वाढल्या. प्रत्येक वसाहत एकाच पेशीपासून उगवलेली होती. गिनीपिगच्या मज्जेतील अशा वसाहतींवरचा त्यांचा लेख १९७० मध्ये प्रसिद्ध झाला.

या पेशींतून हाड तयार होऊ शकते, हे त्यांनी प्राण्यांच्या शरीरात त्या रोपून दाखविले. परंतु त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली होती. वेगवेगळ्या वसाहती वेगवेगळे वागत. एकीतून हाड व त्यासोबत मज्जेची जागाही तयार होई, दुसरीतून केवळ हाड, तर तिसरीतून यांपैकी काहीच नाही. दिसावयास सर्व सारख्या, स्वभावाने भिन्न. म्हणजे विविधता ही पुढे सापडलेली अडचण नव्हती. पहिल्याच बशीत ती डोळ्यांसमोर होती. आपणच तिच्याकडे पुरेसे पाहिले नाही.

३. एक नाव, तीन अर्थ

१९९१ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील आर्नोल्ड कॅप्लन यांनी या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केले. गर्भातील ज्या मधल्या थरापासून हाड, कूर्चा, मेद, स्नायू तयार होतात, त्या थरावरून हे नाव आले. मूळपेशी म्हणजे जिच्यापासून अनेक प्रकारच्या पेशी निपजू शकतात व जी स्वतःसारखीही पेशी निर्माण करते, अशी पेशी. १९९९ मध्ये मार्क पिटेंजर व सहकाऱ्यांनी मानवी मज्जेतील या पेशींपासून हाड, कूर्चा आणि मेद या तिन्हींच्या पेशी तयार होतात, हे दाखविले. २००१ मध्ये पोटावरील चरबीतूनही अशा पेशी मिळतात असे आढळले. पुढे नाळेतून मिळाल्या. तीन अक्षरांचे 'एमएससी' हे लघुनाम जगभर पोहोचले.

नाव एक झाले म्हणजे वस्तू एक झाली, असे मनाला वाटू लागते. प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या रीतीने पेशी वाढवी आणि सर्वच त्यांना एमएससी म्हणत. हा गोंधळ आवरण्यासाठी आंतरराष्ट्रीय पेशी-चिकित्सा संघटनेने २००६ मध्ये किमान निकष ठरविले. पेशी प्लास्टिकला चिकटल्या पाहिजेत. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी ७३, सीडी ९० व सीडी १०५ ही प्रथिने असली पाहिजेत आणि रक्तपेशींची खूण असलेली सीडी ३४, सीडी ४५ यांसारखी नसली पाहिजेत. बशीत त्यांच्यापासून हाड, कूर्चा व मेद तयार करता आला पाहिजे. त्याआधी, २००५ मध्ये, याच संघटनेने सर्वच पेशी खऱ्या मूळपेशी नाहीत म्हणून नावातील 'मूळ' काढून 'आधार-ऊतीच्या पेशी' अशा अर्थाचे नाव सुचविले होते. स्वतः कॅप्लन यांनी २०१० मध्ये तिसरे नाव पुढे केले. त्यांच्या मते या पेशी रुग्णाच्या शरीरात नवी ऊती बनून बसत नाहीत. त्या औषधी द्रव्ये स्रवतात, संकेत देतात आणि थोड्या काळात नाहीशा होतात. म्हणून त्यांना 'औषधी संकेत देणाऱ्या पेशी' म्हणावे. तिन्ही नावांची आद्याक्षरे इंग्रजीत तीच राहिली आणि अर्थ मात्र तीन झाले.

२००६ चे निकष आवश्यक होते, पण ती ओळखपरीक्षा होती, गुणपरीक्षा नव्हती. सुरतेच्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. दोन थानांवर एकच नाव, एकच रंग-क्रमांक असला तरी रंगाचा घाणा वेगळा असेल तर उजेडात धरताच शेड निराळी दिसते. कापडाचा फरक डोळ्याला दिसतो. पेशीचा दिसत नाही.

४. भेद कोठून येतो

हा भेद एका ठिकाणी उत्पन्न होत नाही. पेशीच्या साऱ्या प्रवासात तो साठत जातो.

पहिला भेद दात्याचा. मज्जेतील केंद्रकयुक्त पेशींत या पेशी दहा हजारांत एक ते लाखात एक इतक्या विरळ असतात, आणि वयाबरोबर त्यांची संख्या व वाढीचा जोर दोन्ही घटतात. प्रतिकारशक्तीला शांत करण्याचा त्यांचा गुणही दात्यागणिक कमी-अधिक असतो.

दुसरा भेद ऊतीचा. मज्जा, चरबी व नाळ यांतील पेशींवरील खुणा सारख्या असल्या तरी त्यांचे सामर्थ्य सारखे नसते. २०१६ मध्ये साकेट्टी व सहकाऱ्यांनी हे स्पष्टपणे दाखविले.

तिसरा भेद एकाच बशीतला. एका दात्याच्या पेशी एकेक करून वाढविल्या तर साऱ्याच वसाहती तिन्ही प्रकारच्या पेशी देत नाहीत. पुष्कळशा दोन प्रकारच्याच देतात.

चौथा भेद आपल्या हाताने आणलेला. विरळ पेशींपासून कोट्यवधी मिळवावयाच्या म्हणजे त्या अनेक पिढ्या वाढवाव्या लागतात आणि प्रत्येक पिढीगणिक त्या म्हाताऱ्या होतात. वासराच्या गर्भाच्या रक्तद्रवात वाढविलेल्या पेशी आणि मानवी रक्तबिंबिकांच्या अर्कात वाढविलेल्या पेशी सारख्या वागत नाहीत. द्रव नायट्रोजनात गोठवून वितळविलेल्या पेशी काही काळ मंद असतात, असेही आढळले आहे.

पाचवा भेद रुग्णाचा, आणि तो सर्वांत विलक्षण आहे. २०१७ मध्ये लंडनमधील गॅलू, डॅझी व सहकाऱ्यांनी असे दाखविले की ज्या रुग्णांच्या रक्तातील मारक पेशी या टोचलेल्या पेशींना ठार करू शकत होत्या, त्यांनाच गुण आला. मरता मरता त्या पेशी शरीराला शांत होण्याचा संदेश देतात. म्हणजे औषध तेच असले तरी दोन रुग्णांत ते एक राहत नाही.

प्राण्यांवरील प्रयोग येथे अपुरे का पडतात, हेही समजून घ्यावे. उंदराच्या या पेशी प्रतिकारशक्तीला आवरण्यासाठी मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड वापरतात. माणसाच्या पेशी आयडीओ नावाच्या विकराने ट्रिप्टोफॅन हे आम्ल खर्ची घालून तेच काम करतात. उंदरात साधलेले यश माणसात जसेच्या तसे उतरत नाही, याचे हे एक कारण आहे.

५. आशा, अपयश आणि पुन्हा परीक्षा

१९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व सहकाऱ्यांनी अस्थिमज्जा-रोपण केले आणि भारतात या उपचाराचे पर्व सुरू झाले. त्यात उपयोग रक्त निर्माण करणाऱ्या मूळपेशींचा असतो. त्या आजच्या विषयातील पेशींहून निराळ्या. पण या रोपणाची एक भयंकर व्याधी आहे. दात्याच्या पेशी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उलटतात. २००४ मध्ये स्टॉकहोम येथील कॅटरीना ले ब्लांक व सहकाऱ्यांनी या व्याधीने मरणपंथाला लागलेल्या ९ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईच्या मज्जेतील मेसेन्कायमल पेशी दिल्या आणि तो सुधारला. त्या एका मुलाच्या बातमीने जगभरच्या प्रयोगशाळांना कामाला लावले.

अमेरिकेतील ओसायरिस कंपनीने याच व्याधीसाठी औषध तयार केले. एकेका दात्याच्या पेशींपासून हजारो मात्रा काढण्याची तिची योजना होती. २००९ मध्ये मोठ्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट साधले नाही. काही गटांत, विशेषतः मुलांत, मात्र गुण दिसला. युरोपातील रुग्णालये एका दात्यापासून थोड्याच मात्रा काढीत, म्हणजे पेशी कमी पिढ्या वाढवीत. अपयशामागे हा फरकही असावा, असे काही तज्ज्ञांनी म्हटले. २०१२ मध्ये कॅनडाने मुलांसाठी अटींसह परवानगी दिली. पुढे ऑस्ट्रेलियातील मेसोब्लास्ट कंपनीने ते औषध घेतले. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने बहुमताने अनुकूल मत देऊनही प्रशासनाने परवानगी नाकारली आणि २०२३ मध्ये पुन्हा नाकारली. प्रत्येक खेपेत जे मोजले जाते त्याचा रुग्णाला येणाऱ्या गुणाशी संबंध काय, हा त्यातील एक कळीचा प्रश्न होता. सोखींच्या उंदरांनी जो प्रश्न सोडविला, तोच हा. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी मुलांसाठी परवानगी मिळाली. त्याच महिन्यात युरोपात, चरबीतील पेशींपासून केलेल्या व क्रोन रोगातील भगंदरासाठी २०१८ मध्ये मान्य झालेल्या औषधाची परवानगी संपली, कारण नव्या मोठ्या चाचणीत त्याचा गुण सिद्ध झाला नव्हता. नाव दोन्हींचे एकच, नशीब दोन.

आपल्या देशातही हा विचार झाला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्यासारख्या संशोधकांनी या पेशींवर काम केले. बंगळूर येथील स्टेमप्युटिक्स संस्थेने अनेक दात्यांच्या मज्जेतील पेशी एकत्र करून औषध बनविण्याची रीत स्वीकारली. सूतगिरणीत अनेक गाठींचा कापूस एकत्र पिंजतात, तो सूत एकसारखे निघावे म्हणूनच. तीच ही युक्ती. तिने भेद नाहीसा होत नाही, परंतु एका दात्याच्या लहरीवर औषध अवलंबून राहत नाही. २०१६ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी या औषधाला मर्यादित परवानगी दिली आणि २०२० मध्ये पुढची परवानगी मिळाली. ती ज्या रोगासाठी होती, तो रोग लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्क येथे वर्णन केला होता. तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पाडणारा, तरुण कष्टकऱ्यांचे पाय नेणारा हाच तो रोग. उधन्याच्या त्या गृहस्थांचा.

६. उत्तर

आता त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. नाही, ही सुई सगळीकडे एक नसते. 'मूळपेशी' हा शब्द पत्रकावर छापला म्हणून बाटलीत काय आहे हे ठरत नाही, आणि बाटलीत काय आहे हे ठरले तरी ते काम करील असे ठरत नाही.

म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनी रक्तविकारांसाठी मान्य असलेले रोपण वगळता मूळपेशींचा अन्य उपयोग मंजूर चाचणीतच व्हावा, असे सांगितले. २०१९ च्या औषध-नियमांनी मूळपेशींपासून केलेल्या औषधी उत्पादनाला नेहमीच 'नवे औषध' मानले. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून औषधाचे पैसे घ्यावयाचे नसतात, हे पालकांनी मनात पक्के ठेवावे. जेथे आधी पैसे मागितले जातात, तेथे बहुधा चाचणी नसते.

त्या गृहस्थांना मी आज चार प्रश्न लिहून दिले असते. पेशी कोणाच्या आणि कोणत्या ऊतीतील? त्या कोठे, किती वाढविल्या? या खेपेची गुणपरीक्षा झाली काय? आणि परवानगी याच रोगासाठी आहे काय? शिवाय पाचवी गोष्ट सांगितली असती, ती प्रश्न नव्हे: बिडी आजच सोडा. कारण या रोगात तंबाखू सोडण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही, आणि त्याच्या गुणात खेपेगणिक फरक पडत नाही.

विद्यार्थी मित्रहो, विविधता हा या पेशींचा दोष आहे असे समजू नका. जिवंत असण्याचीच ती खूण आहे. उंढेऱ्याच्या कुटुंबांनी, मुलकोवालच्या १९ मृतांनी आणि परळच्या उंदरांनी जे शिकविले, ते एवढेच की जिवंत औषधावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची प्रत्येक वेळी परीक्षा घ्यावी लागते. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनीही वेगळे काही सांगितले नसते. वर्गात दोन मुले सारखी नसतात, म्हणून परीक्षा रद्द करीत नाहीत. ती अधिक काळजीपूर्वक घेतात.